बंदी आहे, नियम नाहीत

पंजाब-हरियाणातील पराली जाळण्यावर दहा वर्षांत हरित लवादाचा आदेश, सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश, वटहुकूम, कायदा आणि दंडवाढ असे सर्व उपाय होऊन गेले. खासगी शेतातील आग केव्हा, कशी आणि कोणाच्या देखरेखीखाली लागावी, हा प्रश्न मात्र यांपैकी एकानेही विचारला नाही. त्याची किंमत शेतकरी आणि राजधानी दोघेही मोजत आहेत.

ऑक्टोबर लागला की राजधानीतील राजकारणाचे लक्ष वायव्येच्या वाऱ्याकडे वळते. दिल्ली पंजाब-हरियाणाकडे बोट दाखवते, पंजाब केंद्राकडे पाहतो, केंद्र यंत्रखरेदीच्या अनुदानाचे आकडे पुढे करते आणि सर्वोच्च न्यायालय राज्यांच्या मुख्य सचिवांना जाब विचारते. नोव्हेंबर सरतो, गव्हाची पेरणी आटोपते, आणि विषय पुढल्या ऑक्टोबरपर्यंत बासनात बांधला जातो. महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्याला पहिल्या हिवाळ्यात या ऋतुचक्राचे आश्चर्य वाटते. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत तो त्याला सरावतो.

२०२५च्या हंगामानंतर सरकारी पातळीवर समाधानाचा सूर उमटला, आणि त्याला आकड्यांचा आधार होता. १५ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर या काळात पंजाबमध्ये २०२० साली आगीच्या ८३,००२ घटनांची नोंद झाली होती. २०२३मध्ये ती ३६,६६३, २०२४मध्ये १०,९०९ आणि २०२५मध्ये केवळ ५,११४ इतकी खाली आली. हरियाणात २०२४च्या १,४०६ घटना २०२५मध्ये ६६२वर आल्या. पंजाबपुरते बोलायचे तर पाच वर्षांतील घट चौऱ्याण्णव टक्क्यांची आहे. २०२५च्या पुरात भाताचे बरेच क्षेत्र वाया गेले, हे लक्षात घेतले तरी घट मोठीच म्हणावी लागेल. इतक्या मोठ्या यशाचा प्रत्यय दिल्लीच्या हवेत मात्र त्या प्रमाणात आला नाही. त्याचे एक कारण उघड आहे. वर्षभराचा हिशेब केला तर दिल्लीच्या प्रदूषणात परालीचा वाटा थोडा आहे. वाहने, उद्योग आणि धूळ यांचा भार बारमाही आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने विकसित केलेल्या प्रणालीने ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरच्या प्रारंभी काही दिवशी हा वाटा एक तृतीयांशावर गेल्याचेही दाखवले आहे. दुसरे कारण कमी उघड आणि अधिक अस्वस्थ करणारे आहे. ते घड्याळाशी संबंधित आहे.

घड्याळाने दिलेली हुलकावणी

आगींची ही गणना ज्या उपग्रहांच्या आधारे होते ते ध्रुवीय कक्षेतून फिरतात आणि दिवसा साधारण दुपारी दीडच्या सुमारास उत्तर भारतावरून जातात. त्या क्षणी जी आग पेटलेली असेल ती मोजली जाते. नंतर पेटलेली आग गणतीत येतेच असे नाही. नासाशी संबंधित शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी २०२४मध्ये भूस्थिर उपग्रहाच्या चित्रांवरून याकडे लक्ष वेधले होते. उपग्रह निघून गेल्यानंतर, दुपार उलटल्यावर धुराचे प्रमाण वाढत असल्याचे त्या चित्रांत दिसत होते. पुढे इस्रोच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासातही हाच कल आढळला. २०२०मध्ये दुपारी दीडच्या आसपास असलेला आगींचा उच्चांक २०२४पर्यंत सायंकाळी पाचच्या सुमारास सरकला होता. आगी कमी झाल्या हे खरे. पण आकडे सांगतात तितक्या झाल्या काय, याविषयी शंकेला जागा आहे.

यात शेतकऱ्याचा धूर्तपणा शोधणे सोपे आहे. वस्तुतः तो बंदीला दिलेला अगदी साधा प्रतिसाद आहे. उपग्रहाने टिपलेल्या ठिपक्यावरून तलाठ्याचा समकक्ष असलेला पटवारी शेतावर येतो, दंड होतो आणि जमिनीच्या नोंदीत लाल शेरा पडतो. ठिपकाच पडला नाही तर यातले काहीच होत नाही. तेव्हा काडी सायंकाळी ओढली जाते.

हवामानशास्त्राच्या दृष्टीने ही वेळ सर्वांत वाईट आहे. दुपारी जमीन तापलेली असते, तापलेली हवा वर चढते आणि धुराला उंचावर पसरायला वाव मिळतो. सूर्यास्ताच्या सुमारास जमीन झपाट्याने निवते. थंड हवा खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण पडते. त्या झाकणाखाली सोडलेला धूर गावात, रस्त्यावर आणि घरांत साचून राहतो. ज्या राज्यव्यवस्थेला धूर कमी करायचा होता, तिच्या नियमांनी धूर सोडण्याची वेळ दिवसातील सर्वांत अनुकूल प्रहराकडून सर्वांत प्रतिकूल प्रहराकडे ढकलली. एखादा नियम मोडला जाणे ही प्रशासनाची नेहमीची डोकेदुखी असते. पण ज्याच्या धाकानेच नुकसान वाढते असा नियम मुळापासून तपासायला हवा.

कायद्याच्या पायऱ्या

खासगी जमिनीवर पालापाचोळा वा काड जाळण्याविषयी भारतात स्वतंत्र, सर्वंकष असा कायदा नाही. आधार आहे तो हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१मधील कलम १९च्या पाचव्या उपकलमाचा. हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्रात इंधनाखेरीज कोणताही पदार्थ जाळल्याने प्रदूषण होईल असे वाटल्यास, राज्य सरकार प्रदूषण नियंत्रण मंडळाशी विचारविनिमय करून अधिसूचनेद्वारे त्यावर बंदी घालू शकते. अटींसह परवानगी द्यावी, वेळ ठरवावी, क्षेत्र ठरवावे, अशी पायरी या तरतुदीत नाही. तिच्यात बंदी घालण्याचा अधिकार आहे. नियमन करण्याची रीत नाही.

त्यावर पुढचे मजले चढत गेले. १० डिसेंबर २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली, पंजाब, हरियाणा, राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथे शेतातील अवशेष जाळण्यास मनाई केली. दोन एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला २,५०० रुपये, दोन ते पाच एकरांना ५,००० आणि त्यावर १५,००० रुपये अशी पर्यावरणीय भरपाई त्याने ठरवून दिली. याच लवादाने डिसेंबर २०१६मध्ये देशभर उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड ठरवला. दिल्लीतील बंगल्याच्या आवारात माळ्याने पेटवलेला पाल्याचा ढीग अशा रीतीने पंजाबमधील दोन एकर परालीच्या दुप्पट महाग झाला. ही विसंगती मिटायला २०२४ साल उजाडले. त्या वर्षी ६ नोव्हेंबरच्या अधिसूचनेने परालीची रक्कम दुप्पट, म्हणजे अनुक्रमे ५,०००, १०,००० आणि ३०,००० रुपये, करण्यात आली.

दंडापलीकडची शिक्षा हा या प्रकरणातील खरा राजकीय भाग. ऑक्टोबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्या. मदन लोकूर यांची एकसदस्य समिती नेमली. कायदा आणण्याची हमी केंद्राने दिल्यावर ती स्थगित झाली. २८ ऑक्टोबर २०२० रोजी निघालेल्या वटहुकमाने राजधानी क्षेत्र व लगतच्या प्रदेशांसाठी हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोग स्थापन केला आणि आदेशभंगासाठी पाच वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला. महिनाभरातच पंजाबचे शेतकरी कृषी कायद्यांविरुद्ध दिल्लीच्या सीमांवर येऊन बसले. ३० डिसेंबरच्या बैठकीत केंद्राने ज्या मागण्या मान्य केल्या त्यांत या शिक्षेतून शेतकऱ्यांना वगळण्याची मागणी होती. ऑगस्ट २०२१मध्ये संमत झालेल्या कायद्यात त्याचे प्रतिबिंब पडले. कलम १४मधील कैद-दंडाची तरतूद पराली जाळणाऱ्या शेतकऱ्याला लागू नाही; कलम १५नुसार त्याच्याकडून केवळ पर्यावरणीय भरपाई घेता येते.

म्हणजे संसदेने शेतकऱ्याला तुरुंगातून सूट दिली. जिल्हाधिकारी मात्र दर हंगामात मनाई आदेश काढतात, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४खाली आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३खाली. तो मोडल्याबद्दल पूर्वीच्या दंड संहितेचे कलम १८८, आता भारतीय न्याय संहितेचे कलम २२३, लावून गुन्हे नोंदवले जातात. येथेही एक मेख आहे. अशा गुन्ह्याची दखल न्यायालय संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरूनच घेऊ शकते. केवळ पोलिसांनी गुन्हा नोंदवून भागत नाही. त्यामुळे हंगामात गुन्ह्यांच्या संख्येचे आकडे प्रसिद्ध होतात आणि हंगाम सरल्यावर त्यांचे काय झाले हे कोणी विचारत नाही. कैद नाही म्हणणारा कायदा एकीकडे, फौजदारी गुन्हा नोंदवणारे प्रशासन दुसरीकडे, असा हा दुपदरी व्यवहार आहे.

पंधरा-वीस दिवसांचे गणित

शेतकरी काडी का ओढतो, याचे उत्तर त्याच्या स्वभावात नसून शासनाने आखून दिलेल्या दिनदर्शिकेत आहे. भूजल झपाट्याने खाली जात असल्याने पंजाबने २००९मध्ये भूजल संवर्धनाचा कायदा केला. १० मेपूर्वी रोपे टाकण्यास आणि १० जूनपूर्वी लावणी करण्यास त्याने बंदी घातली. लावणीची तारीख नंतर काही वर्षे आणखी पुढे नेण्यात आली. हरियाणानेही तसाच कायदा केला. पाणी वाचवण्याच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे सरकली. गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात झाली नाही तर उत्पन्न घटते. तेव्हा भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांमध्ये जेमतेम पंधरा-वीस दिवस उरतात. पुसा-४४सारखे सुमारे १६० दिवस घेणारे वाण असेल तर तेवढेही उरत नाहीत. म्हणूनच पंजाबने २०२४च्या हंगामापासून या वाणावर बंदी घातली आणि पीआर-१२६सारख्या लवकर तयार होणाऱ्या वाणांचा आग्रह धरला.

कम्बाईन हार्वेस्टर लोंब्या कापून नेतो आणि मागे उभी धसकटे व विस्कटलेले काड सोडतो. कोकणात भाताचा पेंढा गुरांच्या वैरणीला जातो, घरावर शाकारायला जातो. पंजाबमधील बिगर-बासमती भाताच्या काडात सिलिकाचे प्रमाण जास्त. गुरे ते आवडीने खात नाहीत, आणि गव्हाचा भुसा मुबलक असल्याने त्याची गरजही पडत नाही. सुमारे ३० लाख हेक्टरांवर भात आणि त्यातून निघणारे दोन कोटी टनांच्या आसपास काड, असा हा पसारा आहे. भातच का, या प्रश्नाचे उत्तरही शासनाकडेच आहे. हमीभावाने खात्रीची सरकारी खरेदी होते ती गहू आणि भाताची. पंपाला वीज मोफत मिळते. मका वा कडधान्य लावून बाजाराच्या लहरीवर अवलंबून राहण्यास शेतकरी तयार होत नाही, यात नवल ते काय?

उपाय झाले नाहीत असे नाही. २०१८-१९पासून केंद्राने काड शेतातच गाडणाऱ्या यंत्रांसाठी वैयक्तिक शेतकऱ्याला ५० टक्के आणि गटांना ८० टक्के अनुदान दिले. पहिल्या पाच वर्षांत तीन हजार कोटींहून अधिक रुपये राज्यांना दिले गेले आणि दोन लाखांवर यंत्रे आली. आगींमध्ये झालेल्या खऱ्या घटीचे श्रेय प्रामुख्याने याच खर्चाला द्यावे लागेल. पण यंत्र वर्षातले दोन-तीन आठवडे चालते आणि उरलेला काळ गोठ्याशेजारी उभे राहते; ते ओढायला मोठा ट्रॅक्टर लागतो, डिझेल लागते. दोन एकरवाल्याचा क्रम भाड्याच्या यंत्रासाठी लागेपर्यंत पेरणीची वेळ निघून जाते. न्या. अरुण मिश्रा व न्या. दीपक गुप्ता यांच्या पीठाने नोव्हेंबर २०१९मध्ये काड न जाळणाऱ्या लहान शेतकऱ्याला क्विंटलमागे १०० रुपये देण्यास राज्यांना सांगितले. ते स्थायी धोरण झाले नाही. २०२२मध्ये पंजाब आणि दिल्ली सरकारांनी एकरी २,५०० रुपयांचा प्रस्ताव मांडला. त्यातील १,५०० केंद्राने द्यावेत अशी मागणी होती. केंद्राने ती फेटाळली. हरियाणाने एकरी १,००० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता स्वतःच्या तिजोरीतून सुरू केला. हरियाणातील घटना पंजाबपेक्षा पुष्कळ कमी असण्यामागे भाताखालील कमी क्षेत्र आणि बासमतीचे जास्त प्रमाण ही कारणे आहेत. हा भत्ताही त्यांत धरावा लागेल.

मधल्या मध्ये अधिकारी

अशा नियमाची अंमलबजावणी ज्याच्या गळ्यात पडते तो गावपातळीवरचा कर्मचारी. नोव्हेंबर २०२३मध्ये भटिंडा जिल्ह्यात आग लावू नका असे सांगायला गेलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला शेतकऱ्यांनी घेराव घातला आणि त्याच्याच हातून काड पेटवून घेतले. वर्षभरानंतर दट्ट्या वरून आला. ऑक्टोबर २०२४मध्ये हवा गुणवत्ता आयोगाने जिल्हाधिकाऱ्यांना, निष्क्रिय अधिकाऱ्यांविरुद्ध थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार करण्याचा अधिकार दिला. त्याच महिन्यात हरियाणाने कृषी खात्यातील दोन डझन अधिकाऱ्यांना निलंबित केले. आग लावणाऱ्या शेतकऱ्याच्या नावापुढे लाल शेरा मारून पुढचे दोन हंगाम मंडईत माल विकू न देण्याचा आदेशही तेव्हाच निघाला. कायद्याने शेतकऱ्याला कैदेतून वगळले. कलम १४ची टांगती तलवार उरली ती अधिकाऱ्यावर.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने, काही दोषी शेतकऱ्यांना तुरुंगात पाठवले तर योग्य संदेश जाणार नाही काय, असा प्रश्न पंजाब सरकारला विचारला. शेतकऱ्यांविषयीचा आदर व्यक्त करूनच तो विचारला गेला होता, आणि वर्षानुवर्षांच्या चालढकलीने न्यायालयाचा संयम सुटावा हे समजण्यासारखे आहे. परंतु अमरावतीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यातून आलेल्या सरन्यायाधीशांनाही शेवटी शिक्षेचीच भाषा वापरावी लागली, यातच या व्यवस्थेचे दारिद्र्य दिसते. तिच्याकडे बंदी आणि शिक्षा यांखेरीज तिसरे हत्यार नाही.

सुरक्षेचा विसर

बंदीचा आणखी एक परिणाम चर्चेत येत नाही. जे करायचेच नाही ते नीट कसे करावे, हे कोणी सांगायचे? मे २०२२मध्ये गुरदासपूर जिल्ह्यात बटाल्याजवळ गव्हाची धसकटे जळत असताना धुराने रस्ता दिसेनासा झाला; शाळेची बस जळत्या शेतात कलंडली आणि मुले भाजली. त्या आगीला ना ठरलेली वेळ होती, ना रस्त्यापासून सोडलेले अंतर. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात ऑगस्ट १९८८मध्ये शेतातील आगीच्या धुराने महामार्गावर वाहने एकमेकांवर आदळून सात जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे शेत जाळण्याच्या क्षेत्रावर टप्प्याटप्प्याने मर्यादा आणणारा कायदा झाला. बटाल्यानंतर आपल्याकडे गुन्हा नोंदवण्यापलीकडे फारसे काही झाले नाही.

सुरक्षित जाळण्याचे नियम काही गूढ नाहीत. शेताच्या कडेने काही मीटरांचा पट्टा नांगरून मोकळा ठेवणे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आग पुढे सरकवणे, वीजवाहिनी, रोहित्र आणि रस्ता यांपासून अंतर राखणे, पाण्याची टाकी आणि माणसे हाताशी ठेवणे, शेजाऱ्याला व गावाला आधी कळवणे, ओले काड न पेटवणे, आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत शेत न सोडणे. उन्हाळी आगींत, जेव्हा शेजारचा गहू उभा असतो, यांतील एकेका नियमावर एखाद्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न अवलंबून असते. पण कृषी सहायकाने हे सांगितले तर तो बंदी असलेल्या कृत्याला साह्य केल्याचा दोषी ठरेल. शेतकरीही कोणाला कळवून आग लावणार नाही. लपून लावलेली आग ही व्याख्येनेच असुरक्षित आग असते.

खोऱ्यातील भात आणि डोंगरातील ओण

तिसरा मार्ग असतो, याचा पुरावा भाताच्याच शेतीत मिळतो. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो खोऱ्यात शेतकरी वर्षानुवर्षे शरद ऋतूत भाताचे काड जाळत असत आणि राज्याची राजधानी धुरात बुडत असे. १९९१मध्ये तेथे कायदा झाला. एका रात्रीत बंदी न घालता १९९२पासून दरवर्षी जाळता येण्याजोगे क्षेत्र कमी करत नेण्यात आले. २००१पासून लागवडीच्या फार तर २५ टक्के क्षेत्रावर, तेही पिकाला रोग असल्याचे दाखवले तरच, परवाना मिळू लागला. दरम्यान दररोज वारा आणि हवेची स्थिती पाहून त्या दिवशी किती एकर जाळता येतील हे राज्याचे हवामानतज्ज्ञ ठरवू लागले. काड किती वाळलेले असावे, ते मोडताना कडकन आवाज यावा, आग वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने लावावी, येथपर्यंत तपशील नियमांत आले. शेतकऱ्यांनी हिवाळ्यात शेतात पाणी भरून काड कुजवायला सुरुवात केली आणि स्थलांतरित पाणपक्ष्यांना आयता आसरा मिळाला.

ही तुलना ताणता येणार नाही, हे खरे. तेथे भातानंतर लगेच गहू पेरायचा नसतो. काड कुजायला सबंध हिवाळा मिळतो. पंजाबकडे पंधरा दिवस आहेत, शेतकऱ्यांची संख्या कितीतरी पट आहे आणि जमिनीचे तुकडे लहान आहेत. शिवाय परवाना देणे म्हणजे धुराला मान्यता देणे, हा आक्षेपही वजनदार आहे. मात्र कॅलिफोर्नियाची शिकवण परवान्यापुरती नाही. कमी करण्याचे वेळापत्रक कायद्यात होते, उरलेल्या आगीवर शास्त्राचे नियंत्रण होते आणि ती आग उघड्यावर, मोजता येईल अशी होती. आपल्याकडे या तिन्हींची उणीव आहे.

नियमनाची बुद्धी परदेशातूनच आणावी लागते असेही नाही. उत्तराखंडमध्ये खरिपापूर्वी बांधावरची झुडपे आणि तण कापून शेतातच जाळतात. त्याला तेथे ओण म्हणतात. एप्रिल-मेच्या उन्हात ही आग चीडच्या वाळलेल्या सुईपानांवरून जंगलात शिरते. अल्मोडा जिल्ह्यातील शीतलाखेत परिसरातील गावांनी ओण जाळण्यावर बंदी घातली नाही. ३१ मार्चपूर्वी, थंडीचा ओलावा असेपर्यंत, सर्वांनी ते उरकायचे असे ठरवले. १ एप्रिल हा ओण दिवस म्हणून पाळला जाऊ लागला, आणि पुढे वनखात्याने या प्रयोगाचा प्रसार आरंभला. मे २०२४मध्ये आगी हाताबाहेर गेल्यावर राज्य सरकारने चारा-गवत उघड्यावर जाळण्यास आठवडाभराची सरसकट मनाई केली. तरीही जूनमध्ये बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेले वनकर्मचारी होरपळले आणि त्यांतील सहा जणांचा मृत्यू झाला. संकट आल्यावर काढलेला आदेश आणि संकटापूर्वी पाळलेली तारीख, यांत हा फरक आहे.

मराठी वाचकाला ही गोष्ट अपरिचित वाटू नये. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात तेव्हा वारा पडलेला पाहतात, कडेचे गवत साफ करतात, पाण्याच्या कळश्या आणि ओल्या फांद्या घेऊन माणसे उभी राहतात. या राबावर ब्रिटिश वनखात्याने निर्बंध आणले तेव्हा ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष माजला की मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. १८८७च्या त्याच्या अहवालात राब हा एक प्रमुख विषय होता. जाळणे हा गुन्हा की शेतीची रीत, हा वाद या देशात सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

सही कोण करणार?

मग मधली पायरी कोणी का बांधत नाही? याचे उत्तर राजकीय आहे. बंदीचा आदेश काढणाऱ्याला धुराची जबाबदारी घ्यावी लागत नाही. धूर झाला तर तो आदेश मोडणाऱ्याचा. परवान्यावर सही करणारा मात्र त्या दिवशीच्या हवेला बांधला जातो. आज अमुक तालुक्यात एवढे एकर, दुपारी बारा ते तीन, असे लिहून देणारा जिल्हाधिकारी सायंकाळी दिल्लीच्या वाहिन्यांवर आरोपी ठरेल. ज्या पक्षाचे सरकार पंजाबात असेल तो परवाना देऊन दिल्लीचा रोष ओढवून घेणार नाही, आणि कडक कारवाई करून शेतकरी संघटनांचाही नाही. केंद्राला खरेदीचे धोरण बदलून भाताखालचे क्षेत्र कमी करण्यापेक्षा यंत्रांचे अनुदान देणे परवडते. या सर्वांच्या सोयीची एकच व्यवस्था उरते, ती म्हणजे कागदावरची संपूर्ण बंदी आणि शेतातली सायंकाळची आग.

त्यातून बाहेर पडण्याची सुरुवात मोजमापापासून व्हावी लागेल. आगीच्या ठिपक्यांऐवजी जळालेले क्षेत्र हा अधिकृत निकष झाला, तर वेळ चुकवण्याचा फायदा संपेल आणि खरी घट किती हेही कळेल. दुसरी पायरी वेळापत्रकाची. कोणत्या वर्षी किती क्षेत्र जळण्यातून मुक्त होईल हे राज्याने जाहीर करावे आणि त्या प्रमाणात यंत्रांची पाळी व एकरी साह्य लहान शेतकऱ्याला आधी मिळावे. जे क्षेत्र त्या वर्षी उरेल त्याच्यासाठी, ते शून्यावर येईपर्यंत, हवामान खात्याच्या अंदाजानुसार दिवस, दुपारची वेळ आणि सुरक्षेच्या अटी ठरवून द्याव्यात. हवा अधिनियमातील पाचव्या उपकलमात बंदीच्या जोडीला अटींचीही तरतूद करण्यासाठी दुरुस्ती लागेल. संसदेला ते अवघड नाही. हमीभावाची खरेदी भाताबाहेर नेणे हे या सर्वांचे मूळ आहे आणि त्याला वर्षे लागतील. पण तोवर दरवर्षीचा नोव्हेंबर यायचाच आहे.

पराली जाळणे थांबले पाहिजे, याविषयी दुमत नाही; त्या धुरात पहिला श्वास घेते ते पंजाबचेच गाव. वाद आहे तो मार्गाचा. ज्या आगीची वेळ शासनाला ठाऊक आहे ती कमी करता येते, विझवता येते, तिच्यापासून शाळेची बस दूर ठेवता येते. शासनाच्या नजरेआड जी आग गेली, तिच्याबाबत उरते ते केवळ आकडा घटल्याचे समाधान.